आठांपैकी सहा

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू घरच्या ग्रुपवर टाकलंस, 'आजोबांना ओसीपीडी आहे, आठांपैकी सहा लक्षणं जुळतात.' खाली तुझ्या चुलतभावंडांचे हसरे चेहरे. ओसीपीडी म्हणजे नियम, क्रम आणि नीटनेटकेपणाचा अतिरेक असलेला व्यक्तिमत्त्व विकार, हे मी मग तुझ्याच पुस्तकात वाचलं. या विषयावर फोनवर बोललो तर आपलं भांडण होणार, म्हणून लिहितोय.

दिवाळीत तू विसरून गेलेलं मानसशास्त्राचं पुस्तक सध्या माझ्या दुकानात काउंटरवर असतं. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेव्हा वाचतो. इंग्रजी जड आहे, पण औषधांच्या खोक्यातले बारीक अक्षरांचे कागद वाचण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत.

'अपसामान्य', म्हणजे ॲबनॉर्मल, कशाला म्हणायचं याच्या त्यात चार कसोट्या दिल्यात. असं वागणारे किती, समाजाच्या रीतीत बसतं का, माणसाला त्रास होतो का, रोजचं जगणं अडतं का. खोटं कशाला सांगू, चारही मी आधी आजोबांनाच लावून पाहिल्या.

पहिलीत ते सापडतात. 1979 पासूनची लाइट बिलं वर्षवार सुतळीने बांधून ठेवणारा दुसरा माणूस साताऱ्यात मला माहीत नाही. पण बुद्ध्यांक 70 च्या खाली असलेले शंभरात साधारण दोन, तसे 130 च्या वरचेही दोनच. त्या वरच्यांच्या घरी आपण पेढे खायला जातो. म्हणजे मोजून फक्त विरळ आहे एवढंच कळलं.

दुसरी कसोटी मला सगळ्यात निसरडी वाटली. 1851 साली अमेरिकेत कार्टराइट नावाच्या डॉक्टरने, मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना एक आजार असतो असं लिहिलं आणि त्याला 'ड्रेपटोमेनिया' असं भारदस्त नावही दिलं! समलैंगिकता तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीतून आजार म्हणून निघाली ती 1973 च्या डिसेंबरात. आपल्याकडच्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात एक कलम आहे, ते मात्र मला फार आवडलं. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक चौकटीत बसत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही.

तिसरीपाशी मी दोन दिवस अडकलो. आजोबांना काडीचा त्रास नाही. त्रास आम्हाला. तुझी आई लग्न होऊन आली त्या आठवड्यात पोळ्यांचा डबा ओट्याच्या डावीकडे ठेवला म्हणून ते जेवायचे थांबले होते. रागावले नाहीत, नुसते बसून राहिले, डबा उजवीकडे जाईपर्यंत. आणि पुस्तक म्हणतं, ओसीडी हा वेगळा आजार, त्यात नको ते विचार येत राहतात आणि तीच कृती पुन्हा पुन्हा होते. ओसीडीवाल्याला बहुतेक वेळा कळत असतं की आपलं हात धुणं अती होतंय; ओसीपीडीसारख्या व्यक्तिमत्त्व विकारात माणसाला आपलंच बरोबर वाटतं. म्हणजे 'त्यांना कुठे त्रास होतोय' म्हणून सुटका नाही. तुझी सहा लक्षणंही मी मोजली, माझ्या मोजणीत आजोबांची पाच भरली. चार भरली की विकार धरतात.

पण चौथी कसोटी, जगणं अडतं का, ती राहिली. लक्षणांच्या यादीच्या आधीचा परिच्छेद तू वाचलास का? तरुणपणापासून, सगळ्या प्रसंगांत, न वाकणारं, आणि त्यापायी जगणं किंवा नाती मोडणारं, असं असलं तरच पुढची मोजदाद. आजोबांनी एसटीच्या डेपोत चौतीस वर्षं वेळापत्रकं सांभाळली, तिथे हाच स्वभाव कामाला आला. आणि 2016 मध्ये आजी एकोणीस दिवस दवाखान्यात होती, तेव्हा हा माणूस व्हरांड्यातल्या बाकावर झोपला, मिळेल तेव्हा वडापाव खाल्ला, घड्याळ बघितलं नाही. त्या महिन्याचं लाइट बिल गठ्ठ्यात नाही. मी शोधलंय.

म्हणून ते सोपे आहेत असं नाही. त्यांच्याबरोबर राहणं कटकटीचं आहे आणि तुझ्या आईने ते निभावलंय. मी त्याला स्वभाव म्हणतो.

आता आत्याचं. हे तुला आम्ही कधी नीट सांगितलं नाही. या पत्रात सांगू का, असं मी तिलाच विचारलं. 'सांग' म्हणाली.

आजोबांना आपण फुकट नाव दिलं आणि आत्याला वीस वर्षं दिलंच नाही. सकाळी एखाद्या मैत्रिणीला देव्हाऱ्यात बसवायची, संध्याकाळी तिचं नाव काढू द्यायची नाही. फोन उचलला नाही की 'तुम्हाला मी नकोच आहे'. हातावरच्या खुणा आम्ही पाहून न पाहिल्यासारख्या केल्या. घरात तिला एकच शब्द होता, नाटकी. तो मीही वापरलाय. अडतिसाव्या वर्षी पुण्यात डॉक्टरांनी बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार सांगितला. मला वाटलं, आता ही कोसळणार. ती बाहेर येऊन म्हणाली, 'म्हणजे मी वाईट नाहीये, दादा.'

औषधविक्या असून मला धक्का बसला तो याचा, की या विकारावर म्हणून अशी गोळी नाही. सोबतच्या नैराश्यावर वगैरे देतात. मुख्य उपचार बोलण्याचा, शिकण्याचा. त्यातली भावना सांभाळायला शिकवणारी डीबीटी नावाची पद्धत ज्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहान यांनी घडवली, त्यांनी 2011 मध्ये आपण स्वतः तरुणपणी अशाच अवस्थेतून गेलो हे जाहीर केलं. आत्याकडे फ्रीजमध्ये बर्फ का असतो, हे तू विचारलं होतंस. ते या पद्धतीतलंच. तिचं डोकं भणाणलं की ती पातेल्यात बर्फाचं गार पाणी घेऊन, श्वास रोखून तोंड बुडवते. थोड्या वेळाने वर येते, पदराने तोंड पुसते, मग फोन करते. पूर्वी आधी फोन करायची.

2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, व्यक्तिमत्त्व विकारांचे ते जुने कप्पे बहुतेक काढून टाकलेत, असं ऐकतो. आता त्रास सौम्य, मध्यम की तीव्र, हे आधी बघतात. आत्याच्या नावाचा नमुना तेवढा वेगळा नोंदता येतो. तुमच्या अभ्यासक्रमात आलं का हे?

आजोबांनी ग्रुप वाचलाय. मला विचारलं, 'ओसीपीडी म्हणजे काय रे?' मी म्हटलं, सायली आली की सांगेल. त्यांनी डायरी काढली, तारीख टाकली आणि लिहिलं: 'सायलीस विचारणे. ओसीपीडी.' खाली दोन रेघा मारल्यात, पट्टीने.

शनिवारी येताना पुस्तकाची पावती असेल तर आण, ते मागत होते.

तुझा,
बाबा