खानाचा खरा कोथळा

प्रिय संज्या,

हे फोनवर बोलायला जमणार नाही, घरात भिंतींना नाही तर आईला कान आहेत, म्हणून वर माळ्यावर बसून टाईप करायलोय. तब्येती सगळ्यांच्या बऱ्या, बेळगावात पाऊस लय, उद्यमबागेतलं काम बरं चाललंय. झालं, आता मुद्द्यावर येतो.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत यंदा काय झालं ते मंडळातल्या कुणीतरी तुला सांगितलंच असणार, पण अर्धंच. तू पुण्याला गेल्यापासून महाराज कितीतरी बदलले, खान मात्र मीच, कारण एवढ्या मापाचा खान गल्लीत दुसरा नाही. ट्रॉलीवर शामियाना, पोटावर लाल रंगात बुडवलेला कापूस, मी ठरल्यासारखा मरून पडलेलो, आणि हुतात्मा चौकाच्या गर्दीत ट्रॉली अडकली. रात्रीचा एक वाजून गेलेला. ढोल-ताशाच्या त्या दणक्यात मर्दा मला झोप लागली आणि मेलेला खान घोरायला लागला. लोक हसून हसून लोळले, पोरांनी व्हिडिओ काढले. इथवर तुला माहीत असेल. पण त्याच व्हिडिओत पुढं घोरणं एकदम बंद होतं, छाती वर-खाली होत्येय आणि हवा आत जात नाही, महाराज झालेलं प्रकाशचं पोरगं भूमिका सोडून खाली वाकून बघतंय, आणि मग मी अशी धाप टाकतो की ते बिचारं दोन पावलं मागं सरकतं. ही क्लिप बघून विद्या हसली नाही. म्हणाली, हे रोज रात्री होतं, मी उठून बसते आणि तुमचा पुढचा श्वास यायची वाट बघते.

तू महाराज असतास तर लाथ घालून उठवलं असतंस, ते वेगळं.

तर मग झोपेची तपासणी झाली. डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून झोपवतात आणि तासाला किती वेळा श्वास अडतो ते मोजतात, ३० च्या वर गेलं की सिव्हिअर स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडायचा गंभीर आजार, आणि मी त्याच्या बराच वर. आता रात्री सीपॅपचा, म्हणजे हवेच्या दाबानं श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या मशीनचा मास्क लावून झोपतो, धाकटी म्हणते पप्पा सांबऱ्याच्या एअरफोर्समधले दिसतात. वजन १२४, उंची तुला माहीत आहे, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, निघाला ४३ च्या आसपास, शुगर दोन गोळ्यांवर पण आटोक्यात नाही. सगळे कागद बघून डॉक्टर शांतपणे म्हणाले, ऑपरेशनचा विचार करा. बॅरियाट्रिक. पोटाचं ऑपरेशन रे, वजन कमी करायचं.

आता तू म्हणणार, तोंड आवर की लेका, ऑपरेशन कशाला. आंबोलीच्या ट्रिपला तू नेमकं हेच म्हणालास, चारचौघात, माझ्या ताटातली कोंबडीची तंगडी उचलून, आणि मी किती महिने तुझ्याशी बोललो नव्हतो ते आठव. ते भांडण मी आज जिंकलोय बघ. डॉक्टरांनी सांगितलं की एवढं वजन झाल्यावर शरीर ते सोडत नाही, डाएट करून दहा-पंधरा किलो उतरवलंस तर भुकेचं घ्रेलिन नावाचं हार्मोन वाढतं आणि शरीर कमी कॅलरी जाळून काटकसर करतं, म्हणून परत चढतं. माझं प्रत्येक वेळी तेच झालं. ते मौंजारोचं इंजेक्शन पण विचारलं मी, आता आपल्याकडे मिळतं, वजन उतरतं पण, पण बंद केलं की बऱ्याच जणांचं परत येतं, आणि दर आठवड्याला घ्यायचं म्हणजे खर्च आयुष्यभराचा. माझ्या आकड्याला डॉक्टरांचं मत ऑपरेशनकडेच. विम्याचं पण बसतंय, ४० च्या वर बीएमआय असेल तर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत सिव्हिअर ॲप्निया नाहीतर न आवरणारी शुगर असेल तर पॉलिसीत बसतं, फक्त वेटिंग पिरियड संपलेला पाहिजे, आणि आमचा संपलाय. आयुष्यात पहिल्यांदा माझं वजन कागदावर कामाला आलं.

मुख्य दोन प्रकार असतात. बायपासमध्ये वर एक छोटी पिशवी करून आतडं तिला जोडतात, शुगरला आणि ॲसिडिटीला ते जास्त चांगलं म्हणे. स्लीव्हमध्ये पोटाचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त कापून काढूनच टाकतात, केळ्यासारखी एक नळी उरते, आणि ते घ्रेलिन जिथं सगळ्यात जास्त तयार होतं तो वरचा भागही जातो त्यामुळं भूकच कमी लागते. माझी पोटाची दुर्बिणीची तपासणी चांगली निघाली, जळजळ नाही, हर्निया नाही, म्हणून स्लीव्ह ठरलं. आणि संज्या, तुला म्हणून सांगतो, मला तिथं खरी मजा आली. पोटात गळ्यातून एक नळी घालतात, तिच्या मापानं कापतात, माप ३६ फ्रेंच. मी विचारलं फ्रेंच म्हणजे किती, तर एक फ्रेंच म्हणजे मिलीमीटरचा तिसरा हिस्सा, म्हणजे नळी बरोबर १२ मिलीमीटर! स्टेपलर एका दाबात दोन्ही बाजूंना तीन-तीन ओळी टायटॅनियमच्या पिना मारतो आणि मधून कापतो. मग मी विचारलं लीक टेस्ट कशी करता, तर निळा रंग नाहीतर हवा भरून बघतात. आम्ही हायड्रॉलिक सिलिंडर प्रेशरला लावतो तसंच की रे. सर्जन माझ्याकडे बघतच राहिले, म्हणाले पेशंट सहसा टाके किती पडणार एवढंच विचारतात. तरी शंभरात एखाद्याला लीक होतं, तेही त्यांनी लपवलं नाही. एकूण जोखीम पित्ताशयाच्या ऑपरेशनइतकीच म्हणतात, वहिनींचं झालेलं तसंच, चार-पाच भोकं पाडून, त्याच दिवशी संध्याकाळी उठवून चालवतात.

काउन्सेलिंगला पण पाठवलं. बाई विचारतात, दुःखात खाता का? मी म्हटलं दुःखात खातो, सुखात खातो, आणि मधे वेळ मिळाला तर खातो. डाएटिशियन गोकाकची पोरगी, मराठी मोडकं पण लय गोड. संमतीचा फॉर्म इंग्रजी आणि कन्नड. आपण जन्मभर मराठी परिपत्रकांसाठी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, आणि पोट कापायची सही करायची वेळ आली तर कन्नडमध्ये! मी तसं म्हटलं पण, तर त्या पोरीनं एकेक ओळ तिच्या मराठीत वाचून दाखवली, तुझ्यामाझ्यापेक्षा बरं समजावलं. आता ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे प्रोटीन शेक, ताक, सूप, उकडलेल्या भाज्या, बास. म्हणजे लिव्हर आकसतं, माझं चरबीनं फुगलेलं आहे आणि पोटाच्या वरच येतं, ते उचलून धरल्याशिवाय आत दिसत नाही. तंबाखू बंद, त्यानं टाके भरत नाहीत. निपाणीच्या मामांनी ऐकून मान हलवली, त्यांच्या धंद्याचं एक गिऱ्हाईक गेलं. पुढं दोन आठवडे नुसतं पातळ, घोट घोट, मग पेजेसारखं, मग मऊ. जेवताना पाणी नाही. बी ट्वेल्व्ह आणि बाकीच्या गोळ्या जन्मभर. केस गळतात म्हणे तीन-चार महिन्यांनी, पण तिथं गळायला उरलंय काय.

तर भीती ऑपरेशनची नाही. असती तर तुला लिहिलं नसतं, तू काय डॉक्टर नाहीस.

आईला सांगायचं राहिलंय.

काउन्सेलरबाईंनी विचारलं घरात विरोध कोण करेल, मी म्हटलं कुणी नाही, आणि विद्यानं टेबलाखालून चिमटा काढला. मंगाईच्या यात्रेदिवशीच कळून चुकलं. दोन भाच्या, जावई, सगळे पंगतीला, मटणाचा वास वडगावात पसरलेला, आणि मी वाटीभर सूप घेऊन. आई काही बोलली नाही. पंगत उठल्यावर विद्याला म्हणाली, माझ्या पोराला काय खाऊ घालतीस तू हल्ली, तोंड बघ त्याचं. तेव्हापासून रोज कायतरी. ताटात हळूच पुरणपोळी येते, गाडीच्या डिक्कीत मांड्यांचं पाकीट, आणि मी नको म्हटलं की टोमणा विद्याला. ती बिचारी ऐकून घेत्येय कारण खरं सांगायचं काम माझं.

तुला गुळाचं माहीत आहे. काविळीत मी गेलोच होतो, आणि आईनं मंगाईला नवस बोलला की पोरगं वाचलं तर त्याच्या वजनाचा गूळ वाहीन. साडेआठ किलो भरलो म्हणे, काकूंनीच तराजू धरलेला. आता तो नवस फेडायचा म्हटला तर गुऱ्हाळच विकत घ्यावं लागेल. पण आईच्या डोक्यात मी अजून तोच काविळीचा काटका आहे रे. आबांचे माग बंद पडले त्या वर्षी ती मला उंबऱ्यात बसवून जेवायला घालायची, आठवतंय? तू चिडवायचास, राजा बाहेर बसलाय म्हणून. गल्लीनं बघावं की ह्या घरात पोराचं ताट भरलेलं आहे, म्हणून. माझं पोट तिनं एकटीनं भरलं, लोकांच्या नाकावर टिच्चून, आणि आता मी तिला सांगू की त्यातलं पाऊण पोट कापून टाकायला देतोय, वर पैसे पण भरतोय?

एकदा सुरुवात केली होती. म्हटलं आई, डॉक्टर म्हणतात पोट कमी करायला पाहिजे. तर म्हणाली, कर की, रात्रीचा भात सोड. मी पुढं बोललोच नाही. विद्या म्हणते हर्नियाचं आहे असं सांगा, मोकळे व्हा. पण मला ते पटत नाही, आणि प्रश्न नीतीचा नाही. हर्निया म्हटलं की महिन्याभरात ती म्हणणार, झालास ना बरा, आता खा. आणि मी दोन चमचे खाऊन ताट सरकवलं की परत विद्यावर. हे दोन-चार महिन्यांचं नाही, जन्मभर मी असाच वाटीभर जेवणार आहे. तिला माहीत नसेल तर रोजच्या पंगतीला खोटं बोलावं लागेल, आणि कुणाच्या ताटात किती उरलंय हे आई बघितल्याशिवाय राहत नाही.

म्हणून तू ये. तुझं ती ऐकते, का ऐकते देव जाणे, मी सांगितलं तर रडेल आणि तू सांगितलंस तर भांडेल, मला भांडलेलं चालेल. काकूंची अँजिओप्लास्टी होती तेव्हा देवळात बसून तूच आईला समजावलंस ना, छातीत स्प्रिंग घालतात म्हणून. ऑपरेशन श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात आहे, विद्यानं मुद्दाम निवडलं, मटण तसंही बंद. त्याच्या आधीचा एखादा शनिवार-रविवार बघ. पुण्याहून वंदे भारत आहे आता, वार बघून तिकीट काढ, स्टेशनवर मी येतो. ऑपरेशन वजनासाठी आहे असं सुरुवातीला म्हणू नको, श्वासाचं सांग, झोपेत थांबतो ते. लागला तर तो व्हिडिओ दाखव, घोरण्याचा भाग सोडून. गुळाचा विषय ती काढणारच, तेव्हा हसू नको. आणि जेवायला बसवेल तेव्हा माझ्या वाट्याचं पण तुझ्याच ताटात पडणार आहे, पोट रिकामं ठेवून ये.

बाकी तुझं कसं? नोकरी बदललीस ते प्रकाशकडून कळलं, अभिनंदन, पोराचं बारावीचं पण ऐकलं, चांगलं झालं, सविस्तर आल्यावर बोलू. सिगरेट सोडलीस का नाही ते लिहू नको, मला माहीत आहे.

तुझाच,
दिन्या

ता. क. येताना चितळेंची बाकरवडी आणू नको. आणलीसच तर माझ्या हातात देऊ नको, सरळ विद्याकडे दे.