गिटारची मान आणि आमचा पाऊस

फोंडा, गोवा

प्रिय मन्या,

तारा बोटांना लागतात म्हणून तू थेट ट्रस रॉड, म्हणजे मानेतला तिचा बाक सांभाळणारा धातूचा दांडा, आवळायला निघालायस! थांब, बाबा. शनिवारी म्हापशाला एका कारागिराकडे हेच काम शिकतोय, तेव्हा माझं ऐक.

तारा वर गेल्या की सगळे मानेलाच धरतात. इथे चवथीच्या आरतीला घुमटाचं, आमच्या मातीच्या वाद्याचं, चामडं सैल पडतं, ते शेकून घ्यावं लागतं. (2019 मध्ये सरकारने त्याला वारसा वाद्य ठरवलं, म्हणून काही पावसाने सूट दिली नाही.) गिटारचं दुखणं निराळं. लाकूड ओल पितं, पेटीची वरची फळी ब्रिजपाशी, म्हणजे तारा पेटीला अडकवतात तिथे, फुगते आणि तारा उचलल्या जातात. ती फुगी रॉडने बसत नाही. म्हणून आधी मोज.

गिटार नेहमीच्या सुरात लाव, कारण ताण बदलला की मानही हलते. मग जाड तार पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, त्या फ्रेट) आणि मान पेटीला मिळते त्या फ्रेटवर, बहुधा चौदाव्या, एकदम दाबून धर. झाली तारेचीच फूटपट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटवर तिच्याखाली साधारण 0.25 मिमी फट हवी. ती मोजायचा पातळ पात्यांचा फीलर गेज गॅरेजवाल्याकडे मिळतो. माझा गॅरेजवाला तो देताना स्कूटरची चौकशी करतो, मी विषय बदलतो. फट जास्त असली तरच रॉड घड्याळाच्या दिशेने, तोही पाव फेऱ्याच्या आत. जोर करावा लागला तर सोडून दे. मग परत सुरात लावून परत मोज.

मान ठीक, तरी बाराव्या फ्रेटवर जाड तार 2.5 मिमीच्या बरीच वर? मग सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती हाडाची पट्टी. काचेवर सँडपेपर ठेवून तळाकडून घासायचं. 1 मिमी घासलं की तार तिथे अर्धा मिमी उतरते. पण भर पावसात नको. हवा सुकली की फळी बसते, तारा फ्रेटला लागून खणखणतात, आणि घासलेलं हाड काही परत वाढत नाही. अगदीच राहवलं नाही तर जुनं सॅडल तसंच ठेव आणि दुसरं विकत घेऊन ते घास.

मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, म्हणजे नटच्या, खाचांना तर हातच लावू नकोस, त्या कारागिराच्या.

तोवर गिटार भिंतीवर न टांगता तिच्या केसमध्ये बंद ठेव, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रतामापक. काटा 45 ते 55 टक्क्यांत राहिला तर निम्मी तक्रार मिटेल.

चवथीला येशील तेव्हा गिटार घेऊन ये. बसच्या डिकीत टाकू नकोस, मांडीवर घे. काकूंना नमस्कार.

तुझा,
दिगू