दहाचं नाणं का घेत नाही?

मा. संपादक,

गेल्या बुधवारी डिचोलीच्या बाजारात हळसांदे (आपली चवळी) घेतले, भाव ठरला, पैसे द्यायला दहाची चार नाणी पुढे केली तर विकणाऱ्या बाईने हातच मागे घेतला. "बाय, हें चलना, नोट दी गो." तिला मी दोष देत नाही, तिच्याकडून पुढे कोणी घेतच नाही तर ती बिचारी काय करणार. बसमध्ये पण तेच. आणि एका दुकानात साबणाचे तीन रुपये परत द्यायचे तर सुटे नाहीत म्हणून हातावर तीन चॉकलेटं ठेवली, आठवड्याने तीच चॉकलेटं मी तिथे तीन रुपये म्हणून देऊ केली तर घेईनात.

मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवलंय. विनिमयाचं माध्यम, मूल्यमापनाचं साधन, विलंबित देणी, मूल्यसंचय ही पैशाची चार कार्यं मुलं पाठ करायची, पण समजायची ती काजूवरून. मे महिन्यात बिया विकायच्या, कारण पावसात ठेवल्या तर बुरशी येते, आणि आलेल्या पैशातून पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायचं, सुकी मासळी, आमसुलं, मिरची. बिया टिकत नाहीत, त्यांची किंमत पैशात टिकते (महागाई थोडी खाते ते वेगळं). दुकानदार जूनमध्ये उधारीवर तांदूळ देतो तोही रुपयात लिहून ठेवतो, काजूच्या किलोत लिहीत नाही.

पण हे सगळं चालतं ते पुढचा माणूस घेईल या भरवशावर. माझ्या आजीच्या ट्रंकेत एस्कुदोच्या नोटा होत्या. १९५९ पासून पोर्तुगीजांनी इथे त्यांचं आधीचं चलन रुपिया काढून एस्कुदो आणला होता, एका रुपियाला सहा एस्कुदो, आणि १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर भारतीय रुपया आला. आजीने काही नोटा बदलल्याच नाहीत, राहून गेल्या. मी लहानपणी त्या हातात घेऊन बघायचे, कागद तोच, शिक्का तोच, पण त्यावर साधा पाव मिळत नव्हता. त्यांच्यामागे उभं राहणारं सरकारच इथून गेलं होतं.

दहाच्या नाण्यामागे तर भारत सरकार आजही उभं आहे ना? मग त्याची गत एस्कुदोसारखी का करायची? रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दहाच्या नाण्याचे तोपर्यंतचे १४ ही प्रकार खरे आहेत, रुपयाचं चिन्ह असलेले आणि नसलेले दोन्ही. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया आणि वरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत. काहीजण म्हणतात आता यूपीआय आहे, नाणी कशाला. पण बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या सगळ्यांकडे तो क्यूआर कोड नसतो आणि म्हाताऱ्यांकडे तसला फोन नसतो, ते पेन्शनचे पैसे मोजून आणतात.

माझी विनंती एवढीच, बँकांनी आणि पालिकेने बाजारात, बसस्टँडवर मराठी-कोंकणीत मोठे बोर्ड लावावेत, नाण्यांचे फोटो घालून, आणि बँकांनी काउंटरवर नाणी नाकारू नयेत. बँक घेते हे बघितलं की दुकानदार घेईल, आणि दुकानदाराने घेतलं की ती हळसांदेवाली पण घेईल. तुमच्या पेपरनेही ते १४ प्रकार एकदा पानभर छापले तर मी स्वतः कात्रण घेऊन पुढच्या बुधवारी तिच्याकडे जाईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली