इटलीतली टस्कनी सहल: मोंतालचिनोची द्राक्षबाग न दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

बुकिंग क्रमांक, छापील कार्यक्रम, पावत्या, सगळं तुमच्याकडे आहे. ते पुन्हा लिहीत नाही. आज सकाळी तुमच्या ऑफिसला केलेला सहावा फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो.

आम्ही १६ जण निफाड तालुक्यातले, सगळे द्राक्षबागायतदार. बुकिंगच्या वेळीच हे सांगितलं होतं. सप्टेंबरचा तिसरा आठवडा आम्हीच मागून घेतला, कारण तेव्हा तिकडे वाइनच्या द्राक्षांची काढणी चालू असते. इकडे आमची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, तोंडावर आलेली असते, अशा वेळी बाग सोडून आठ दिवस बाहेर राहणं म्हणजे काय, हे कुठल्याही बागायतदाराला विचारा. तरी निघालो. कारण सहाव्या दिवसापुढे छापलं होतं: मोंतालचिनो, द्राक्षबागेत फेरी, तळघर आणि तिथल्या ब्रुनेल्लो वाइनची चव.

सान जिमिन्यानो या जुन्या गावात आम्हाला ४० मिनिटं दिलीत. एके काळी ७२ मनोरे होते, आज १४ उरलेत. ते बघायला जगभरातून माणसं येतात. आमची बस वेशीबाहेरच्या तळावर उभी राहिली, निम्मा वेळ स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला आणि म्हातारी माणसं चढ चढून वर पोहोचेपर्यंत परत फिरायची शिट्टी झाली. हेही मी सोडून दिलं असतं.

सिएनाचा दिवस मात्र चांगला झाला, तो तिथल्या स्थानिक गाइड बाईंमुळे. शिंपल्याच्या आकाराचा तो उतरता चौक आणि नगरभवनातलं चित्रकार लोरेंझेत्तीचं १३३८-३९ मधलं भित्तिचित्र त्यांनी मन लावून दाखवलं. कारभार चांगला असला की शहराबाहेरच्या रानात काय पिकतं, ते त्यात रंगवलंय. कापणी, मळणी, वेशीतून ये-जा करणारी माणसं. माझे वडील, आबा, वय ७६, त्या भिंतीसमोरून हलेनात. बाई म्हणाल्या, उद्या मोंतालचिनोला अशीच शिवारं बघाल.

दुसऱ्या दिवशी बस निघाली ती ब्रँडेड कपड्यांच्या मॉलकडे. सिएनाहून मोंतालचिनो जेमतेम ४० किलोमीटर. बसमध्ये माइकवर सांगितलं, वायनरीचं बुकिंग कन्फर्म झालं नाही. काढणीच्या हंगामात तिथे आधी वेळ घ्यावी लागते, हे कार्यक्रम छापणाऱ्याला माहीत नसावं? मॉलमध्ये पाच तास काढले. संध्याकाळी हॉटेलात प्लास्टिकच्या ग्लासात दोन घोट वाइन दिली. ब्रुनेल्लो नव्हती, बाटलीवर तसं नावच नव्हतं.

आता आजचा फोन. आधीच्या पाच फोनमध्ये ‘वरिष्ठांशी बोलून कळवतो’ एवढंच ऐकलं होतं. आज वरिष्ठ भेटले. मी शांतपणे सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘काका, द्राक्षं तर तुमच्याकडेही आहेतच ना. तिकडची बघून वेगळं काय दिसणार होतं?’ मी म्हटलं, पुन्हा बोला. ते पुन्हा बोलले. वर म्हणाले, ‘आणि तुमच्यातले निम्मे तर वाइन घेतही नाहीत.’

ऐका, वेगळं काय दिसणार होतं ते. आम्ही वर्षातून दोनदा छाटतो, ते हिवाळ्यात एकदाच. ब्रुनेल्लो फक्त सांजोव्हेझे या एकाच वाणाची असते, किमान दोन वर्षं लाकडी पिंपात मुरते आणि काढणीनंतर पाचवं वर्ष उजाडल्याशिवाय विकायला निघत नाही. आमचा माल चार दिवस पडून राहिला तर भाव पडतो. चार वर्षांहून जास्त माल धरून ठेवणारा शेतकरी त्या काळात घर कसं चालवतो, हे आबांना विचारायचं होतं. त्यांनी वहीत ११ प्रश्न लिहून नेले होते. वही तशीच परत आली. वाइन आबा घेत नाहीत, हे खरं. त्यांना बाग बघायची होती. पैसे बागेचे घेतलेत आणि दाखवलात मॉल.

माणशी २,८५,००० रुपये भरलेत, १६ जणांचे. कुणी सोसायटीच्या ठेवी मोडल्या, कुणी माल विकून पैसे बाजूला ठेवले होते. तालुक्यात तुमचं नाव मी स्वतः चार ठिकाणी सांगितलं होतं, याची आता लाज वाटते.

सहाव्या दिवसाचा पूर्ण खर्च सोळाही जणांना १५ दिवसांत परत करा, आणि आबांच्या नावे लेखी माफी पाठवा. कूपन नको, पुढच्या सहलीत सवलत नको. नाही केलंत तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. सोळाही जणांच्या सह्या झाल्या आहेत.

फोन लागला की आधी ‘हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे’ असं ऐकवता. आजचं रेकॉर्डिंग काढा आणि मालकांना स्वतः ऐकायला द्या.

सहलीतील १६ जणांच्या वतीने,
एक द्राक्षबागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक