मोटार रिवाइंडिंगवाल्या काकांना, सिडकोतून

आदरणीय काका,

शि. सा. नमस्कार.

गेल्या मंगळवारी दुकानाशी आले तर शटर बंद. शेजारचे चहावाले भाऊ म्हणाले, काका लेकाकडे गेलेत, महिना-दीड महिना लागेल. तुमच्यासाठी चिवड्याचा डबा आणला होता, तो तसाच परत नेला. तुमचा फोन नंबर मी कधी घेतलाच नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. नाशिकात तुम्हाला ओळखणारं कुणी वाचेल आणि तुम्हाला वाचून दाखवील, एवढीच आशा.

मी सिडकोतली ब्लाउज शिवणारी ताई. डिसेंबरात घरच्या घरी धूळ ओढायचा व्हॅक्यूम करायचा म्हणून पिशवीतून कापलेली पाण्याची बाटली आणि खेळण्यातली मोटार घेऊन आले होते, तीच.

घरात एकच खोली आणि स्वयंपाकघर. खोलीत एका भिंतीला माझं शिलाई मशीन, त्याला लागून इंटरलॉकचं. इंटरलॉक कापडाची कड कापत शिवतं, त्यामुळे दिवसभर बारीक लव उडते. झाडू मारला की ती आणखी वर येते. एरवी खिडकी उघडी टाकता येते, पण नाशिकच्या थंडीत रात्री कोण खिडकी उघडी ठेवणार? धाकटीला दमा आहे. त्या महिन्यात तीन रात्री तिला मांडीवर बसवून काढल्या होत्या. हातात धरायच्या व्हॅक्यूमची किंमत दुकानात विचारली, अठराशे सांगितली. माझ्याकडे तीनशे होते.

तुम्ही माझी बाटली हातात घेतलीत, मोटार लावून बघितलीत आणि म्हणालात, ‘ताई, हा पंखा वारा घालतोय, ओढत नाहीये.’ मग दुकानात गिऱ्हाईक उभं असताना पाठकोऱ्या बिलावर चित्र काढून समजावलंत. हवा ओढायची नसते, फेकायची असते. पंख्यानं आतली हवा कडेला फेकली की मधे दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आपोआप आत घुसते. म्हणून पंख्यासमोर मधोमध भोक पाडलेली चकती हवी, आणि मागे हवा निघून जायला भरपूर भोकं हवीत. मी मागे चारच भोकं पाडली होती, तीही दाभणानं.

मोटार १२ व्होल्टची घ्यायला लावलीत. घरातल्या २३० व्होल्टला हात लावायचा नाही, हे दोनदा बजावलंत. घरी जुन्या राऊटरचा अ‍ॅडॅप्टर होता, तोही १२ व्होल्टचाच, पण मोटार लावली की दिवा मिचमिचायचा आणि बंद पडायचा. ‘व्होल्ट बरोबर आहेत, अँपिअर पुरत नाहीत. मोटार सुरू होताना जास्त खाते,’ असं म्हणून तुम्ही फळीवरचा सीसीटीव्हीचा जुना ५ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर काढून दिलात. त्याचे पैसे घेतले नाहीत, ते माझ्या लक्षात आहे.

पंख्याची दुपार तर मी विसरणार नाही. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा तुम्ही बाजूला सारलात. इतका पातळ पत्रा वेगात वाकतो, सुटला तर डोळ्यात जाईल. तेलाच्या डब्याच्या पत्र्याची सहा सेंटीमीटरची चकती कापून आठ पाती वळवली. ती माझ्याच सुईवर टेकवून तुम्ही आडवी धरलीत. जी बाजू खाली झुकली तिच्यावर कानसेचे दोन हात, परत सुईवर, परत दोन हात. पाऊण तास. शेवटी चकती कुठंही थांबवली तरी तिथंच थांबायला लागली, तेव्हा मोटारीला बसवलीत. आधी बाटली हातात धरवत नव्हती इतकी थरथरायची. आता हाताला नुसता गुंजारव लागतो.

बाटलीच्या जागी फिरकीच्या झाकणाची बिस्किटांची बरणी घ्यायला सांगितलीत. सांधे एम-सीलनं बुजवले, तरी ओढ कमीच. मग तुम्ही अगरबत्ती पेटवून सांध्याभोवती फिरवलीत. पाईप झाकणात शिरतो तिथं धूर सरळ आत वळला! गळती अशी डोळ्यांना दिसते, हे मला नवीन होतं.

पण काका, सगळ्यात मोठे आभार वेगळ्याच गोष्टीचे. गाळणीची वेळ आली तेव्हा तुम्ही हत्यारं खाली ठेवलीत आणि म्हणालात, ‘कापड तुम्हाला कळतं, मला नाही. हे तुम्ही सांगा.’ वीस वर्षं शिवतेय, पण माझं काम कुणी असं विचारलं नव्हतं. मी सपाट कापड ताणून बसवणार होते, तेवढ्यात कळीदार परकर आठवला. तोंड तेवढंच ठेवून आत कापड जास्त मावतं. जुन्या अभ्र्याच्या सहा कळ्या कापून लांब पिशवी शिवली, तोंडाशी बांगडी घातली, पंख्याला लागू नये म्हणून मधे जाळी. सपाट कापड चार मिनिटांत भरायचं. ही पिशवी पूर्ण खोलीला पुरते. मग उलटी करून ओल्या फडक्यात झटकायची. टाचण्या आत जाऊन कापड फाटेल म्हणून पाईपच्या तोंडाशी जुन्या स्पीकरचं चुंबक लावलं, तेही तुम्ही मान डोलावून पास केलंत.

परवा वाचनात आलं की अमेरिकेत ओहायोमधल्या कँटन गावात जेम्स मरे स्पँगलर नावाचा एक सफाई कामगार होता. मोठं दुकान झाडताना त्याचा दमा वाढायचा. त्यानं पंख्याची मोटार, झाडूची दांडी आणि उशीचा अभ्रा जोडून धूळ ओढणारं यंत्र केलं, १९०८ साली त्याला पेटंट मिळालं, आणि पुढं व्हॅक्यूम बनवणारी हूवर कंपनी त्यावरच उभी राहिली. अभ्रा वाचल्यावर मी मशीन थांबवून धाकटीला हाक मारली आणि ते तिला मोठ्यानं वाचून दाखवलं.

खर्च सांगते: मोटार १७०, स्विच २०, एम-सील ३५, पाईप ४०. दोनशे पासष्ट रुपये.

रोज रात्री झोपायच्या आधी दोन्ही मशीनखाली फिरवते, शटलच्या खाचेतही. आवाज बारीक होऊन वर चढला की पिशवी भरली, ही तुमची खूण धाकटीलाही पाठ झालीय. तीच ओरडते, ‘आई, भरली!’ तिची औषधं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच आहेत, पण जानेवारीत मांडीवर बसून काढलेली एकच रात्र.

तुमच्या ब्लोअरची धुळीची पिशवी तळाशी फाटलीय, तुम्ही तिला दोरा गुंडाळलाय. मी त्या दिवशी वितीनं माप घेतलं होतं. जाड सुती कापडाची, दुहेरी शिलाईची पिशवी शिवून ठेवलीय. तुम्ही आलात की चहावाल्या भाऊंकडे निरोप ठेवा, चिवडा ताजा करून आणते.

आपली,
सिडकोतली शिलाईवाली ताई