माझ्या जुन्या गिटारच्या तारा बदलून देणाऱ्या अंकलना

आदरणीय अंकल,

सादर नमस्कार. तुमचे नाव कुठे छापू नये असे तुम्ही बजावले आहे, म्हणून हे पत्र नावाशिवाय लिहीत आहे. वांद्र्यात ज्यांनी तुमच्याकडून गिटारी नीट करून घेतल्या आहेत, ते तुम्हाला ओळखतीलच.

गेल्या शनिवारी वाजवून झाल्यावर आमच्या ड्रमरने विचारले, "नवी गिटार घेतलीस का?" मला उत्तर देता आले नाही. गिटार तीच होती, वीस वर्षांपूर्वी पहिल्या बोनसमधून घेतलेली, भरीव अंगाची, फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर गिटारच्या घाटाची.

तुमच्याकडे येण्यापूर्वी आठ महिने मी दुकानांच्या पायऱ्या झिजवत होतो. जॅझ वाजवायचे आहे म्हटले की पोकळ अंगाची, माझ्या तीन पगारांची गिटार पुढे केली जाई. एका दुकानदाराने तर प्रसिद्ध जॅझ गिटारवादक जो पास यांच्या ईएस-१७५ या पोकळ अंगाच्या गिब्सन गिटारचे गुणगान करता करता माझ्या पाठीवरच्या गिटारची खोळ उघडायचीही तसदी न घेता "ती कॉलेजातली असेल, राहू द्या" असे म्हणून विषय संपवला. ती ईएस-१७५ जो पास यांना १९६३ साली एका चाहत्याने भेट दिली होती आणि त्याआधी ते भरीव अंगाच्या फेंडरवरच वाजवत होते, हे त्यालाही ठाऊक नसावे. मला ते तुमच्याकडून कळले. त्याच गृहस्थांनी माझ्या गळ्यात दोन बारा इंची स्पीकरांचा, अठ्ठावीस किलोंचा अॅम्प्लिफायर मारला. त्याचा आवाज स्वच्छ होता, खोटे कशाला बोलू? पण डोंबिवलीचा माणूस तो घेऊन दादरचा पूल कसा ओलांडणार, हे त्यांनी विचारले नाही आणि मलाही सुचले नाही. पुढे प्रत्येक कार्यक्रमाला मानधनापेक्षा टेम्पोचे भाडे जास्त होऊ लागले.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो "घरी कसा जातोस?" हा. मग माझी खोळ तुम्ही स्वतः उघडलीत, गिटार मांडीवर घेतलीत, खिशातल्या रुमालाने तिची मान पुसलीत आणि म्हणालात, "तार मेली आहे, गिटार नाही." कपाटातून फ्लॅटवाउंड तारांचा एक संच काढून, थरथरत्या बोटांनी, एकेक खुंटी पिळत तुम्ही तो चढवलात. मी मदतीला हात पुढे केला तेव्हा मान हलवून नको म्हणालात. त्या अर्ध्या तासात आपण दोघेही फारसे बोललो नाही. माझ्या स्वस्त गिटारला इतक्या आदराने कुणी हात लावलेला मी पूर्वी पाहिला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मी स्वतःही तसा लावला नव्हता.

चपट्या पट्टीचे वेढे असलेल्या त्या तारांवर बोटांची करकर जवळजवळ बंद झाली. मानेजवळचा पिकअप (तारांचे कंपन टिपणारा भाग) निवडून टोनची कळ तुम्ही निम्म्यावर आणलीत, आणि ज्या गोलाईसाठी मी कर्ज काढायला निघालो होतो, ती त्याच लाकडातून निघाली. टोरांटोचे गिटारवादक एड बिकर्ट अनेक वर्षे टेलिकास्टरवर जॅझ वाजवत राहिले, हे तुम्ही नंतर, चहा पिताना, जाता जाता सांगितलेत.

अॅम्प्लिफायरविषयीचा तुमचा सल्लाही तसाच साधा होता: वॅटचा आकडा पाहण्याआधी तो उचलून एक जिना चढून बघ, आणि ड्रमच्या जोडीलाही आवाज फाटत नाही ना, एवढेच ऐक. आता माझ्याकडे आठ इंची स्पीकरचा, दहा किलोंच्या आतला, वापरलेला डबा आहे. तो खुर्चीवर ठेवतो, कारण तुम्ही म्हणालात त्याप्रमाणे जमिनीवरचा अॅम्प्लिफायर पोटऱ्यांना ऐकू येतो, कानांना नाही. खर्ज थोडा कमी पडतो, पण तो सांभाळायला आमचा बासवाला आहेच.

विकण्यासारखे काही नसताना माणसाने दुसऱ्याचे पैसे वाचवावेत, त्यासाठी आपली दुपार द्यावी, आणि त्याची परिस्थिती न विचारताच ओळखावी, हे मला हल्ली दुर्मीळ वाटू लागले होते. तारांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. येत्या शनिवारी तुमच्यासाठी पुढचे टेबल राखून ठेवले आहे, अॅम्प्लिफायरपासून जरा लांबचे. तुम्हाला न्यायला मी सहा वाजता येईन. वाटेतल्या चहाचे पैसे मात्र मलाच देऊ द्या.

तुमचा ऋणी,
डोंबिवलीचा गिटारवाला