किल्ली खिशात होती

प्रिय आई आणि बाबा,
सप्रेम जय ख्रिस्त.

पाकीट बघून आईच्या छातीत धस्स झालं असेल. काही झालेलं नाही, आम्ही सगळे बरे आहोत. हिची पाठही आता दुखत नाही. रोज फोन होतो तरी लिहायला बसलोय, कारण फोनवर हा विषय निघाला की बाबा "थांब, आईला देतो" म्हणतात आणि आई मला वांग्याचे भाव सांगायला लागते. कागदाला तसं टाळता येत नाही.

विषय स्कूटरचा आहे. लग्नात दोन पेग घेऊन बाबा जी चालवत घरी आणतात, त्या स्कूटरचा.

आधी माझंच सांगतो, म्हणजे पोरगा बापाला शहाणपण शिकवतोय असं व्हायला नको. गेल्या वर्षी जानेवारीत आपण नंदाखालला लग्नाला गेलो होतो. तुम्ही दोघं साडेअकराला निघालात, मी मागे राहिलो. सगळी चुलत भावंडं जमलेली, बॅन्डवाल्यांना "अजून एक, अजून एक" करत थांबवून ठेवलेलं. किती पेग झाले ते मोजले नाहीत, चार तरी असतील. साडेतीनला गाडी काढली. डोकं अगदी लख्ख आहे असं वाटत होतं. तसं वाटतंच, हे नंतर कळलं.

बावखलाच्या, म्हणजे आपल्या तळ्याच्या वळणावर, भेंडीचं झाड रस्त्यावर ओणवलंय ना, तिथे दिव्यांच्या झोतात एकदम सायकल आली. कॅरियरवर टोपली बांधलेली. ब्रेक मारला, पण उशिरा. गाडी मागच्या चाकाला टेकली, एवढंच. सायकल आडवी झाली आणि टोपली कलंडली. तगरीच्या कळ्या रस्ताभर पसरल्या, उजेडात तांदूळ सांडल्यासारख्या. जास्वंदीच्या दोन पुड्या उतारावरून पाण्याकडे घरंगळल्या. तो माणूस उठला, कोपर झटकलं आणि खाली बसून ओंजळीने कळ्या गोळा करायला लागला. मी काच खाली केली नाही. वास येईल म्हणून. त्याने हातानेच "जा, जा" केलं आणि मी खरंच गेलो.

हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. सकाळी बाबांनी बंपरवरचा ओरखडा पाहिला तेव्हा गेटला घासली म्हणालो.

पुढे ईस्टरआधीच्या उपवासकाळात इथे पुण्यात पापनिवेदनाला, फादरांपुढे पापं कबूल करायला गेलो. (तिथलं बाहेर बोलायचं नाही हे बंधन फादरांवर असतं, माझ्यावर नाही.) मी म्हणालो, दारू पिऊन गाडी चालवली, अपघात होता होता वाचला, देवाची कृपा. फादर म्हणाले, कृपेचं नंतर बघू, यात तुझं पाप कोणतं? म्हटलं, ब्रेक उशिरा लागला. ते म्हणाले, त्या वेळी तुझा पाय तुझ्या ताब्यात होता का? म्हटलं, नव्हता. "मग त्याच्या आधीचं सांग." गाडी सुरू केली. "त्याच्याही आधीचं." मला काही सुचेना. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "पहिला ग्लास हातात घेतलास तेव्हा गाडीची किल्ली कुठे होती?"

"खिशात, फादर."

बाबा, ही किल्ली तेव्हापासून डोक्यातून गेलेली नाही. घरी येऊन थोडं वाचलं. चर्चचे मोठे विचारवंत संत थॉमस अक्वायनस १३व्या शतकातले, तेव्हा फार तर घोडे आणि बैलगाड्या. पण दारूच्या नशेत केलेल्या पापाला नशेची सबब चालते का, हा प्रश्न त्यांनी घेतलाय. बायबलातल्या नोहाने द्राक्षमळा लावला, त्याची दारू प्याला आणि तंबूत पडला. त्याला दोष लागत नाही असं मानतात, कारण त्या रसाचा जोर त्याला ठाऊकच नव्हता. पण ज्याला ठाऊक आहे आणि तरी जो पितो, त्याला नंतर "शुद्ध नव्हती" हे कारण पुरत नाही, कारण शुद्ध त्याने शुद्धीत असताना घालवलेली असते. आपल्यापैकी नोहा कोणीच नाही. तुम्ही पन्नास वर्षं घेताय, मी वीस.

आता तुमचे मुद्दे. पहिला मला पाठ आहे: "येशूने स्वतः काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला, आणि तू मला शिकवतोस?" कबूल. सहा दगडी रांजण भरून केला आणि तोही उत्तम. पिणं हे पाप आहे असं चर्चने कधी म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. संत पौलाने तर आपल्या शिष्याला, तिमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं. पण कानाचे पाहुणे पायी घरी गेले. फार झाली असेल तर वाटेत कुठे कुंपणाला टेकून झोपले असतील, त्यात दुसऱ्या कोणाची टोपली सांडली नाही.

दुसरा मुद्दा आपल्या गावच्या फादरांचा. तेही रोज मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, द्राक्षारस घेतात आणि लगेच मोटारसायकलवर दुसऱ्या कपेलला, म्हणजे छोट्या चर्चला जातात, असं तुम्ही मागे हसत हसत म्हणाला होतात. घोटभराचं ते, पण त्यातही एक गोष्ट आहे. ज्या धर्मगुरूला दारूचा त्रास आहे, त्याला बिशपांच्या परवानगीने वेदीवर मुस्तुम, म्हणजे जेमतेम आंबू लागलेला द्राक्षांचा रस वापरता येतो. ज्या प्याल्यापुढे आपण गुडघे टेकतो तिथेसुद्धा चर्चने माणसाचा जीव बघून वाट काढली. आणि आपल्याला मांडवात कोणी दोनदा आग्रह केला की नाही म्हणता येत नाही.

तिसरा मुद्दा, गावात पोलीस कुठे असतात. नसतात, खरं आहे. कायदा सांगतो की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण पापनिवेदनात कोणी आकडा विचारत नाही. कॅथोलिक चर्चचा कॅटेकिझम, म्हणजे शिकवणुकीचा ग्रंथ आहे ना, १९९२ चा, त्याच्या २२९० क्रमांकाच्या परिच्छेदात मिताहाराबद्दल लिहिताना मध्येच हे वाक्य येतं: नशेमुळे किंवा वेगाच्या हौसेपायी जे रस्त्यावर, समुद्रात किंवा हवेत स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या जिवाला धोका आणतात, ते गंभीर दोषी ठरतात. मी ते तीनदा वाचलं. धोका आणतात, एवढंच म्हटलंय. कोणी मेलं, कोणाचा पाय मोडला, असं काही नाही. आणि हे येतं "खून करू नको" या पाचव्या आज्ञेखाली. मी इतकी वर्षं दहा आज्ञांवरून मनाची झडती घेताना पाचवीवर कधी थांबलोच नाही. चौथीवर, आईबापांचा मान राख, तिथे जरा अडखळायचो, मग थेट सहावीवर, व्यभिचार करू नको.

काही झालं नाही, म्हणजे काही केलं नाही, असा आपला हिशोब असतो. इथे कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे जे झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले, गाडी चालवणारा १७ वर्षांचा मुलगा दारू प्यायला होता असा आरोप, आणि जामिनासाठी त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. तेव्हा बाबा फोनवर किती चिडला होतात. मीही चिडलो होतो. आता वाटतं, त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की माझ्या समोरची सायकल दोन हात पुढे होती. त्या दोन हातांचं श्रेय मी कोणत्या तोंडाने घेऊ?

आई, आता तुझ्याकडे येतो. हसू नकोस. तू मागे बसून सगळ्या वाटेने रोजरी म्हणतेस, हे मला ठाऊक आहे. पुढे हँडलवर प्रवाशांना सांभाळणाऱ्या सेंट ख्रिस्तोफरचा बिल्ला, मागे तुझी जपमाळ आणि मध्ये दोन पेग घेतलेले बाबा. सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन सांगितलं, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील. येशू म्हणाला, आपल्या देवाची परीक्षा पाहू नको. तुझी रोजरी खोटी नाही गं. पण स्कूटरवर बसायच्या आधी "मी नाही बसत" म्हणालीस तर तीही प्रार्थनाच होईल. एकदा करून बघ. लुगड्याचा काठ सावरत तू रस्त्यात उभी राहिलीस तर बाबा एकटे जाणार नाहीत, हे मी लिहून देतो.

आणि यात आग्रह करणाऱ्यांचाही वाटा आहे. दुसऱ्याला पापात ढकलणं किंवा त्याला त्यात साथ देणं, याचाही हिशोब चर्च मांडतं. ताईच्या लग्नात "पाहुणा कोरडा जाता कामा नये" म्हणून मीच बाटल्या घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होतो. कोण गाडी घेऊन आलंय, एकालाही विचारलं नाही.

प्रायश्चित्त काय मिळालं ते राहिलंच. फादर म्हणाले, तो माणूस शोध आणि फुलांचे पैसे दे. मला वाटलं होतं दहा "नमो मरिया" प्रार्थनांवर सुटेन. ईस्टरला घरी आलो तेव्हा दोन दिवस पहाटे "फिरायला जातो" सांगून बाहेर पडत होतो, ते यासाठी. दुसऱ्या दिवशी भेटला. आपल्याच आळीच्या पलीकडचा, नाक्यावर टेम्पो येतो तिथवर फुलं पोचवतो, तिथून ती दादरला जातात. मी सगळं सांगितलं. त्याने नवीन टोपलीचे पैसे तेवढे घेतले. कळ्या बऱ्याचशा परत टोपलीत भरल्या होत्या म्हणाला, थोडी माती लागली होती. राग वगैरे काही नाही. उलट सहज बोलून गेला, "लग्नाचे दिवस असले ना, की मी त्या वळणावर सायकल हातात धरून, पाण्याच्या कडेने चालत जातो. तुम्हा लोकांच्या गाड्या असतात."

तुम्हा लोकांच्या. मग विचारलं, "बाबांचा गुडघा कसा आहे?"

म्हणजे तो स्कूटर ओळखतो, बाबा. आवाजावरून ओळखत असेल.

व्हॅटिकनच्या एका परिषदेने २००७ मध्ये वाहनचालकांसाठी दहा आज्ञा काढल्या होत्या. तेव्हा वर्तमानपत्रांनी थोडी थट्टाच केली. नववी म्हणते, रस्त्यावर जो दुबळा आहे त्याला जपा. मला तो पाण्याच्या कडेने चालणारा दिसतो. आणि सहावी म्हणते की तरुणांना आणि तितक्याशा तरुण नसलेल्यांना, गाडी चालवायच्या स्थितीत नसताना चालवू नका म्हणून प्रेमाने पटवा. तितक्याशा तरुण नसलेले म्हणजे कोण, ते मी सांगत नाही. बाबा, ७२ व्या वर्षी दोन पेग हे चाळिशीतल्या दोन पेगांसारखे राहत नाहीत, त्यात तुमच्या साखरेच्या गोळ्या. काही गोळ्यांवर दारू पडली की साखर एकदम खाली येते. डॉक्टरांना विचारा. मला वाटतं तुम्ही मुद्दाम विचारलेलं नाही.

मी माझ्यापुरतं एक केलंय. मांडवात शिरल्यावर, हातात काहीही घ्यायच्या आधी, किल्ली हिच्याकडे देतो. तिला गाडी येते आणि दारू आवडत नाही, हे माझं नशीब. ती नसेल तर गाडी घरी ठेवतो. पहिल्या वेळी मित्र हसले, दुसऱ्या वेळी एकाने स्वतःची किल्लीही तिच्या पर्समध्ये टाकली.

आता ईस्टरनंतर मावशीच्या नातीचं लग्न आहे. बाबांनी घ्यायची तेवढी घ्यावी, मी मोजायला येणार नाही. पण स्कूटर घरी राहील. चर्चमागच्या रिक्षावाल्याशी बोललोय, येण्याजाण्याचे पैसे त्याला आधीच दिलेत, तेव्हा "कशाला उगाच खर्च" म्हणायची सोय उरलेली नाही. त्याला अकराची वेळ दिलीय, पण तो बारापर्यंत थांबायला तयार आहे. बॅन्डची शेवटची फेरी बघूनच निघा.

तुमचा,
धाकटा

ता. क. बंपरला लागलं म्हणून तुम्ही वेल्डरला बोलावून गेटचं टोक घासून घेतलंत. त्याचे पैसे मी देणं लागतो.